बिनफाळक्याची गाडी

"अहो ड्रायव्हर, गाडी जरा पुढे घेता का?" असं माझा सख्खा थोरला भाऊ मला चितळे रोडवर भर दुपारी म्हणाला, आणि मी गाडी पुढे घेतली. रेशनच्या दुकानासमोर मी मिलोची पोती उतरवून घेत होतो. दुष्काळामुळे नगरच्या मालधक्क्यावर वॅगनी भरभरून अमेरिकेची लाल ज्वारी यायची आणि ती गावात, फार तर राहात्यापर्यंत पोचवायची, हे माझं काम. दादाबरोबर काळ्या टोपीतले एक गृहस्थ होते. दादाच्या मुलीला, दमयंतीला, बघायला पुण्याहून माणसं यायची आहेत हे घरात कानावर आलं होतं, तेव्हा हे त्यांतलेच हे ओळखायला काही अक्कल लागली नाही. माझ्या ट्रकनं त्यांची वाट अडली होती. दादानं वर पाहिलं. आमची चांगली नजरानजर झाली. त्यानं जन्मभर मला 'अरे शाम'शिवाय हाक मारलेली नाही, आणि चिडला की 'शाम्या'. त्या दुपारी मी 'अहो' झालो. त्यानं शिवी दिली असती तर मी हसत खाली उतरलो असतो, त्या गृहस्थांना नमस्कार केला असता, 'मी नारायणरावांचा धाकटा भाऊ' असं सांगून दादाची फजिती तरी केली असती. पण त्यानं मान दिला. मान देऊन मला उंबऱ्याबाहेर काढलं. आणि मी काय केलं? क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, गाडी पुढे घेतली. वर हात बाहेर काढून 'जा आता' असंही खुणावलं, कुठल्याही ड्रायव्हरनं कुठल्याही वाटसरूला खुणवावं तसं. ते दोघे धोतरं सावरत कडेनं गेले. गृहस्थ माझ्याकडे बघून 'आभारी आहे' म्हणाले. 

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखा घरी आलो. लोकल गाडीवर हेच मोठं सुख आहे म्हणतात, की ड्रायव्हर रोज घरी जेवतो. माझ्या बाबतीत हे सुख दुसऱ्यांचं होतं. दिल्ली दरवाज्याच्या आत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या आणि एक ओटा. आतल्या खोलीत खाटेवर अण्णा, आमचे वडील. अण्णांचं डावं अंग गेलं आणि मला त्या घरात जागा झाली. त्याआधी मी मॅट्रिकला बसलोच नाही, लष्कराच्या मोटारखान्यात जाऊन गाडी शिकलो, या अपराधाबद्दल ते माझ्याशी बोलत नव्हते. मी भिंगारला एका मित्राच्या खोलीवर राहत होतो. मग एका सकाळी ते मोरीत पडले. दादाला त्यांना उचलता आलं नाही. दादाची पाठ नाजूक, आणि तो कोर्टात कारकून. कारकुनाची पाठ म्हणजे सरकारी मालमत्ता. वहिनीनं शेजारचा मुलगा सायकलवर माझ्याकडे पिटाळला. मी आलो, अण्णांच्या काखेत खांदा घातला आणि उठवलं. तेव्हापासून उठवतोच आहे.

पण मी त्यांना नुसता येऊन उचलत नव्हतो. अण्णांचं सोवळं कडक. मी गाडीवरून आलेला, मुलखाच्या माणसांना शिवलेला, रस्त्याकडेच्या हॉटेलात काय काय खाल्लेला. तेव्हा आल्या आल्या मोरीत जायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं, आणि अंग न पुसता, ओलेत्यानं, अण्णांना खाटेवरून उचलून देवासमोरच्या पाटावर बसवायचं. सकाळी गाडीवर जाण्यापूर्वी एकदा आणि संध्याकाळी आल्यावर एकदा. पौषातल्या थंडीत ओला पंचा मांड्यांना चिकटायचा, दात वाजायचे, आणि अण्णा आढ्याकडे बघत विचारायचे, "घेतलंस का पाणी?" मी म्हणायचो, "घेतलं अण्णा." "मग ये." या तीन वाक्यांवर आमचं बापलेकाचं बोलणं वर्षानुवर्षं चाललं होतं. माझ्या कामाचं नाव ते घेत नसत. 'तिकडून आलास का?' असं म्हणत. त्या वर्षी नळाला दिवसाआड पाणी यायचं, वहिनी सगळ्यांच्या अंघोळी मोजूनमापून घालायची, पण माझ्या संध्याकाळच्या अंघोळीची बादली मात्र चुकायची नाही. ती झाकून ठेवताना वहिनी भांडी आपटायची, इतकंच.

तर त्या संध्याकाळीही मी पाणी घेतलं आणि अण्णांना उचललं. त्यांनी आपला उजवा हात माझ्या मानेभोवती टाकला. रोज टाकत तसाच, बसमध्ये दांडी धरावी तसा. मला एकदम दादाचा 'अहो' आठवला. घरात या मानेवर सगळा भार टाकायचा आणि रस्त्यावर ती मान कुणाची हे ठाऊक नाही! जेवताना माझ्या पानात रव्याचे दोन लाडू पडले, म्हणजे पाहुण्यांसाठी केलेले उरले होते. "माणसं बरी वाटली," दादा भाताकडे बघत म्हणाला. त्यानं आणखी काही बोलावं म्हणून मी दोनदा ताक मागून घेतलं. 'शाम, दुपारचं काही मनावर घेऊ नकोस' एवढं म्हणाला असता तरी मी विरघळलो असतो, मी तसा फुकट विकला जाणारा माणूस आहे. तो हात धुवायला उठला. धुतल्या हातावर दमयंतीनं टॉवेल ठेवला.

मला त्याला मारावंसं वाटलं नाही. मारलं असतं तर 'शेवटी ड्रायव्हरच' एवढं म्हणायची त्याची सोय झाली असती, आणि सगळी गल्ली त्याच्या बाजूला गेली असती. मला असा सूड हवा होता की जो घेताना माझं कुठेच काही चुकलेलं नसेल. मी खाटेशेजारी सतरंजीवर पडून विचार करत राहिलो, आणि अण्णा झोपेत कण्हले तेव्हा मला उत्तर सापडलं. या घराला माझी एकच गोष्ट लागते. मी रोज घरी येतो ही. तीच काढून घ्यायची.

ट्रकमालक राधाकृष्णशेठची बिनफाळक्याची गाडी महिन्यापासून ड्रायव्हरची वाट बघत अड्ड्यावर उभी होती. साध्या ट्रकला बाजूनं आणि मागून फळ्यांचे फाळके असतात. त्यात पोती टाका, खडी टाका, वरून ताडपत्री ओढा आणि विसरून जा. या गाडीला नुसता सपाट फलाट. लोखंडाचे पत्रे, गर्डर, यंत्रं असला माल त्यावर ठेवायचा, दोरानं आणि साखळीनं आवळायचा आणि भिलाईपासून कुठून कुठून आणायचा. शेठनं मला आधीही विचारलं होतं आणि मी 'घरी वडील आहेत' म्हणून नाही सांगितलं होतं. या वेळी मी स्वतः गेलो. शेठ चष्मा वर करून म्हणाले, "वडील बरे झाले का?" मी म्हटलं, "त्यांना बघायला माणूस आहे." हे बोलताना तोंडाला इतकी गोडी आली की मी तेच वाक्य घरी जाईपर्यंत मनात म्हणत होतो.

घरी सांगितलं तेव्हा दादा पेपर वाचत होता. "भिलाईला?" त्यानं पेपर खाली घेतला. "आणि यायचा कधी?"

"माल मिळेल तसं. आता ही लांब पल्ल्याची गाडी. महिन्यातून चार दिवस घरी आलो तरी खूप."

"आणि अण्णांचं?"

"तू आहेस की."

वहिनी पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. दादा हळू आवाजात म्हणाला, "अरे शाम, दमूचं जमतंय. आता या दिवसांत तू असा..." मी शांतपणे बुटाची नाडी बांधत होतो. खोटं कशाला बोलू, फार मजा येत होती. तो म्हणाला, "बरं, निदान कसं उचलतोस ते दाखव तरी." आता उचलण्याची एक युक्ती आहे. आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवायचा, त्यांना आधी पुढे झुकू द्यायचं, आणि ते श्वास घेतात त्याच वेळी उठायचं. मग वजन वाटतच नाही. ती युक्ती मला कळायला एक अख्खा पावसाळा लागला होता. मी म्हटलं, "त्यात काय दाखवायचं? वडील आहेत. उचलायचे." आतून अण्णांचा आवाज आला. "जाऊ दे त्याला, नारायण. इथे कुणावाचून अडत नाही." ठीक आहे, मी मनात म्हटलं, अडतं की नाही ते बघूच.

माझ्या जोडीला दुसरा ड्रायव्हर होता गोरक्षनाथ, पारनेरकडचा, मिशा पिकलेला, बिनफाळक्याच्या गाडीवर आयुष्य घातलेला. त्यानं पहिल्याच दिवशी औरंगाबाद यायच्या आत मला तीनदा गाडी थांबवायला लावली. "उतर. दोर बग."

"आत्ताच तर बघितला."

"आत्ता बगितला तो नगरचा दोर. रस्त्यावर माल हालतो, बसतो, आन दोर ढिला पडतो. फाळक्याच्या गाडीवर तू निस्ता ड्रायव्हर हुतास. हितं मालाचा बाप हाईस. मागं नदर ठिवायची."

बाप म्हटल्यावर मला हसू आलं. पण त्याचं खरं होतं. लोकल गाडीत पाठीमागे काय आहे याचा मी कधी विचार केला नव्हता. आता मानेच्या मागच्या बाजूला सतत एक जड काहीतरी असल्यासारखं वाटायचं. वळणावर, उतारावर, गतिरोधकावर आधी मान ताठ व्हायची आणि मग गाडी वळायची. जाताना एका गिरणीचं यंत्र नागपूरला टाकायचं होतं. जालना गेलं, मेहकर गेलं. दोन्ही बाजूंनी नुसती करपलेली जमीन, आणि जागोजाग दुष्काळी कामावर खडी फोडत बसलेली माणसं. त्यांच्या हातोड्यांचा आवाज गाडीच्या आवाजातूनही ऐकू यायचा. मला त्यांचं वाईट वाटायला हवं होतं. मला वाईट वाटायला सवड नव्हती. ऊन कलू लागलं की माझ्या डोक्यात दुसराच खेळ सुरू व्हायचा.

कारण ती वेळ अण्णांना उचलायची. मी स्टिअरिंग धरून बसलेलो असायचो आणि दिल्ली दरवाज्याच्या घरात दादा कोर्टातून येऊन कोट काढत असायचा. त्याला मी मोरीत पाठवायचो. गार पाणी कसं झोंबतं ते त्याला कुठे माहीत? पहिल्या तांब्याला तो ओरडायचा. मग ओल्या पंच्यानं, पोटाची वळी सांभाळत, खाटेपाशी यायचा. वाकायचा. चुकीचा वाकायचा, कमरेतून. अण्णा म्हणायचे, "शाम असा धरत नाही." हे वाक्य मी त्यांच्या तोंडी घातलं होतं आणि ते मला इतकं आवडायचं की मी त्यांना ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचो. दादाच्या पाठीत उसण भरायची. वहिनी तेलाची वाटी घेऊन यायची. कधी मी पुण्याच्या त्या टोपीवाल्या गृहस्थांनाच ओट्यावर आणून बसवायचो आणि त्यांच्यादेखत दादाला ओणवा उभा करायचो. गृहस्थ विचारायचे, "घरात उचलणारं दुसरं कुणी नाही का?" आणि दादाला कबूल करावं लागायचं की आहे, एक धाकटा भाऊ आहे, तो ड्रायव्हर आहे. 'ड्रायव्हर' हा शब्द दादा उच्चारायचा तेव्हा मी ॲक्सिलरेटर जरा जास्तच दाबत असे.

"कुनावर दात खातूस रं?" गोरक्षनाथ एकदा बिडी शिलगावत म्हणाला.

"कुणावर नाही."

"घरी भांडान झाल्याबिगर ह्या गाडीवर कुनी येत न्हाई. म्याबी आल्तो. भावाला दावायचं हुतं."

"मग? दाखवलं का?"

त्यानं बिडीचा एक लांब झुरका घेतला. मग म्हणाला, "त्यो बगतच न्हवता, लेका," आणि धूर सोडून हसत सुटला. मला त्याचा राग आला. दुसऱ्याचा सूड फसला म्हणून आपलाही फसेल असं समजणारी माणसं मला आवडत नाहीत.

भिलाईला लोखंडाचे जाड पत्रे भरले. ते मी माझ्या हातानं बांधले, गोरक्षनाथ नुसता बघत उभा होता. येताना एका घाटाच्या उतारावर समोरून म्हशी आडव्या आल्या आणि मला जोरात ब्रेक दाबावा लागला. मागून आवाज आला, लांब, दातांवर दात घासल्यासारखा. वरचा पत्रा पुढे सरकला होता. अजून जरा सरकला असता तर केबिन फोडून आमच्या माना घेऊन गेला असता. आम्ही उतरलो. पहारीनं पत्रा मागे रेटला, साखळी पुन्हा आवळली, दोरानं माझे दोन्ही तळहात सोलून निघाले. गोरक्षनाथ देवाची नावं घेत होता. मी मात्र ते पुढे सरकलेलं लोखंड बघत उभा होतो आणि मला दिसत होतं की दादाच्या ओल्या हातांतून अण्णा असेच सरकले आहेत. हळूहळू, लांब. दादा 'अहो, अहो' करतो आहे आणि त्याला धरता येत नाही. मला बरं वाटलं. अगदी आतून, थंड पाणी प्याल्यासारखं बरं वाटलं. मग लक्षात आलं की पडताहेत ते अण्णा. मी चित्र बदलायला गेलो. अण्णांना बाजूला काढून नुसत्या दादाला पाडायचा प्रयत्न केला. ते जमेना. दोघे एकमेकांत अडकलेले होते, एकाला पाडलं की दुसरा खाली यायचाच, आणि खाली नेहमी अण्णा असायचे.

त्यानंतर वाटभर मला अण्णांच्या अंगाचा वास येत राहिला. गंध, तपकीर आणि जुन्या धाबळीचा. आठवून बघितलं तर आजाराआधी मी त्या वासाच्या इतका जवळ एकदाच गेलो होतो. माझ्या मुंजीत. आम्हा दोघांवर एकच शेला पांघरलेला, आत उकाडा, बाहेर भटजींचा गलका, आणि अण्णा माझ्या कानाशी तोंड आणून मंत्र सांगत होते. त्यांचा श्वास माझ्या कानात जात होता, गुदगुल्या होत होत्या आणि मी हसू दाबत होतो. ते रागावतील असं वाटलं. पण त्या शेल्याच्या आत ते माझ्याकडे बघून हसले होते. बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा पुन्हा होता तसा झाला. पुढे मी ड्रायव्हर झालो नसतो तर ते आणखी केव्हा हसले असते का, हे आता कुणाला विचारणार? दादाला त्यांनी असं किती वेळा जवळ घेतलं असेल? हे मला तेव्हाच, स्टिअरिंगवर, पहिल्यांदा उमगलं की माझा सूड काही एकट्या दादावर नव्हता. 'इथे कुणावाचून अडत नाही' म्हणणाऱ्या त्या माणसाचं अडायला हवं होतं. त्यांनी खाटेवर पडून, ओल्या धोतरात, देव पारोसे ठेवून, आढ्याकडे बघत माझं नाव घ्यायला हवं होतं. मी दारातून आत आलो की त्यांनी 'आलास?' म्हणायला हवं होतं. 'तिकडून' हा शब्द न लावता.

नगरला पत्रे उतरवून गाडी मोकळी झाली तेव्हा उन्हं कलली होती. गोरक्षनाथ एस.टी.नं पारनेरला गेला. मी गाडी अड्ड्यावर न लावता सरळ आमच्या गल्लीत घातली. एवढी लांब, सपाट, रिकामी गाडी त्या गल्लीत कधी शिरली नव्हती. पोरं बाजूला पळाली, बायका खिडक्यांत आल्या. मी ती आमच्या ओट्याला अगदी खेटून उभी केली. ओट्यावरून पाऊल टाकलं की फलाटावर, इतकी जवळ. बघा म्हटलं, अहो ड्रायव्हर आले.

आत गेलो तर दादा आरामखुर्चीत चहा पीत होता. पाठ शाबूत. "अरे शाम! आलास का? बस." आवाजात इतका जिव्हाळा, की मी गडबडलो. आतल्या खोलीच्या दारात जाऊन पाहिलं तर खाटेपाशी मालधक्क्यावरचा हमाल कारभारी उभा होता. हा कारभारी माझीच गाडी भरायचा. अंगात घामानं काळी पडलेली बंडी, पाठीवर मिलोचा लाल भुस्सा, कानाला खोचलेली बिडी. "अवं शामराव!" तो मोठ्यानं म्हणाला. "थांबा हां, बाबांस्नी बशिवतो." अण्णांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते कारभारीला विचारत होते, "मग व्याली का म्हैस?" "कवाच! रेडकू झालं," असं म्हणत कारभारीनं त्यांना एका हिसक्यात उचललं. युक्ती नाही, गुडघा नाही, श्वास नाही. अण्णांनी आपला उजवा हात त्याच्या मानेत टाकला. दांडी धरल्यासारखा नव्हे. गळ्यात टाकावा तसा टाकला. आणि हसले. कारभारी मला म्हणाला, "लई हलकं हाईत बाबा. पोत्यापरीस बरं. आन पोतं काय गोष्टी सांगत न्हाई."

मी काय केलं असेल? मी मोरीत गेलो. पायच गेले. कपडे काढले, खुंटीचा पंचा गुंडाळला. बादली शोधली तर ती कोपऱ्यात पालथी पडलेली. माझ्या अंघोळीचं पाणी आता कुणी भरून ठेवत नव्हतं. पिंपाच्या तळाशी होतं ते तांब्यानं खरवडून काढलं आणि डोक्यावर घेतलं. सोललेल्या तळहातांना झोंबलं. ओलेत्यानं बाहेर आलो तर अण्णा पाटावर बसून आचमन करत होते, कारभारी ओट्याच्या पायरीवर बिडी ओढत बसला होता, आणि मी खोलीच्या मधोमध पाणी गाळत उभा होतो. दमयंती माझ्याकडे बघून गोंधळली आणि आत गेली.

"अण्णा," मी म्हटलं, "ह्याला पाणी घ्यावं लागत नाही?"

त्यांनी पळी ताम्हनात ठेवली. दादाच पटकन म्हणाला, "आपद्धर्म, शाम. तू नसताना काय करणार?" दादाकडे नड आली की संस्कृत शब्द तयार असतो. "उलट बरंच झालं बघ. माणूस चांगला मिळाला. आता तू निर्धास्त जात जा."

"मी अण्णांना विचारतोय."

अण्णांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ओल्या केसांपासून पायांपर्यंत. "तो बाहेरचा माणूस," ते म्हणाले. "बाहेरच्याला कसले नियम लावायचे? त्याचं त्याच्यापाशी. नियम घरच्याला." आणि पुन्हा पळी उचलली.

घरच्याला! थंडीत ओल्या पंच्यानं कुडकुडत उभा राहिलो ते मी घरचा म्हणून. कारभारी आणि मी, दोघांत शिवलो तर बाटतील असा मी एकटाच, कारण मी एकटाच त्यांचा. हे सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता, दुसऱ्या कुणाला वाटलं असतं की हा बाप लेकाचा मान राखतो आहे. मलाही क्षणभर तसं वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याचाच मला भयंकर संताप आला. मी मोरीत परत गेलो. पंचा फेडला. ग्रीस लागलेली खाकी पँट चढवली, आणि वाटभर न धुतलेला, धुरानं घामानं ताठ झालेला शर्ट ओल्या अंगावर घातला. बाहेर आलो, अण्णांच्या काखेत खांदा घातला आणि त्यांना पाटावरून उचललं.

"शाम! अरे संध्या चाललीय त्यांची!" दादा उठला. चहा सांडला. मी चालत राहिलो. अण्णांचे पाय माझ्या पायांवर आपटत होते. ते म्हणाले, "हे काय? पाणी..." ओटा ओलांडला. कारभारी बिडी टाकून उठला, "अवं शामराव, काय करताय?" मी ओट्यावरून पाऊल गाडीवर टाकलं आणि पलीकडच्या कडेला, जिथून खाली सगळी गल्ली दिसते, तिथे अण्णांना बसवलं. पाय बाहेर सोडून. मी त्यांच्या शेजारी गुडघे टेकून, पाठीला हात लावून बसलो. खाली माणसं जमू लागली होती. सोवळ्याची धाबळी नेसलेले अण्णा, उघड्या फलाटाच्या टोकाला, सगळ्या गावासमोर. मागे ओट्यावर दादा हात चोळत होता. "शाम, लोक बघताहेत रे. उद्या पुण्याची मंडळी पुन्हा यायचीत. हात जोडतो तुला."

"ही माझी गाडी, अण्णा," मी म्हटलं. "आजवर तुम्ही 'तिकडे' म्हणायचात ना, तेच हे. इथे फाळके नसतात. इथे बांधल्याशिवाय काही राहत नाही."

ते खाली जमिनीकडे बघत होते. त्यांचं डावं अंग हळूहळू कडेकडे झुकत होतं आणि ते सावरायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. मी पाठीवरचा हात काढला.

त्यांचा उजवा हात माझ्या मानेकडे आला. निसटला. पुन्हा आला, आणि शर्टाची घामानं काळी झालेली कॉलर त्यांनी मुठीत धरली. पाचही बोटं माझ्या मळात रुतली. त्यांचं तोंड माझ्या कानाशी होतं, श्वास कानात जात होता, आणि त्यात आता मंत्र नव्हता.

"शाम," ते म्हणाले. "धर मला."

मी धरलं. पण लगेच नाही.